कुंपणापेक्षा हातभर उंच

क्लेमंट थ्रॉसेल यांना निळी फुलं हवी होती, आणि ती जमिनीपासून सात फुटांवर हवी होती. त्याखाली उमललेलं फूल कितीही निळं असलं तरी त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. कारण त्यांच्या आणि शेजारच्या मिस ऑडरी पेनफोल्ड यांच्या बागांमध्ये झुडपांचं दाट कुंपण होतं आणि ते केव्हाच डोक्याच्या वर गेलं होतं.

कोणीही सरळ डोक्याचा माणूस म्हणेल, मग कुंपण छाटा. पण कुंपण मिस पेनफोल्ड यांच्या मालकीचं. नेदर विंटन गावात माणूस एकवेळ शेजाऱ्याच्या पोटाच्या ऑपरेशनबद्दल बोलेल, पण त्याच्या कुंपणाच्या उंचीबद्दल बोलणार नाही. 'कुंपण जरा कमी करता का?' याचा सरळ अर्थ 'मला तुमच्या बागेत बघायचंय' असा होतो. आणि थ्रॉसेल यांना खरोखरच बघायचं होतं. बागेचं सोडा, त्यांना मिस पेनफोल्ड यांच्याकडेच बघायचं होतं. म्हणून तर विचारणं शक्य नव्हतं. मनात काही नसलं की माणूस बेधडक विचारतो.

एकोणीस वर्षं हे दोघं शेजारी. थ्रॉसेल वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर जिल्ह्यातल्या वाण्यांचे तराजू तपासले, स्वतःचं लग्न मात्र कुठल्याच पारड्यात घातलं नाही. मिस पेनफोल्ड गावच्या शाळेतल्या निवृत्त बाई. रोज सकाळी फाटकाशी गाठ पडायची आणि दोघं हवेबद्दल बोलायचे. त्या एकोणीस वर्षांत या दोघांनी पावसावर जेवढी चर्चा केली तेवढी हवामान खात्यानेही केली नसेल. फक्त एकदा, पोस्टाच्या रांगेत उभ्या असताना, भिंतीवरच्या कॅलेंडरातलं उंच निळ्या तुऱ्यांचं चित्र बघून मिस पेनफोल्ड म्हणाल्या होत्या, "माझ्या वडिलांची डेल्फिनियमं अशीच होती. रस्त्यावरून कुंपणावर दिसायची. ते गेल्यापासून तो निळा मी पाहिला नाही." एवढं बोलून त्यांनी दोन तिकिटं घेतली आणि त्या घरी गेल्या. थ्रॉसेल मात्र काय घ्यायला आलो होतो तेच विसरून बराच वेळ रांगेत उभे राहिले.

त्याच शरदात त्यांनी डेल्फिनियमची रोपं आणून कुंपणालगत लावली. हे झाड हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतं, वसंतात पुन्हा फुटतं, आणि जमलं तर जूनअखेर माणसाहून उंच निळे तुरे उभे करतं. 'जमलं तर' हे दोन शब्द रोपवाटिकेचा मालक तोंडातल्या तोंडात पुटपुटला होता. पहिल्या वर्षी काही जमलं नाही. सगळे कोंब गोगलगायींनी खाल्ले.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे शहात्तर सालच्या एप्रिलमध्ये, कोंब फुटले त्याच आठवड्यात मिस पेनफोल्ड यांच्या दारात 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली. त्या समुद्रकाठी, बहिणीकडे राहायला जाणार होत्या. घर ब्रिस्टलच्या एका दंतवैद्याने घेतलं आणि जुलैचा पहिला शनिवार सामान हलवायला ठरला. ही सगळी बातमी थ्रॉसेल यांना पोस्टवाल्या मिसेस बीसलींकडून कळली. "तुम्हाला माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "शेजारी ना तुम्ही?" थ्रॉसेल म्हणाले, "शेजारी आहोत म्हणूनच." मिसेस बीसलींना ते काही समजलं नाही, पण त्यांनी ते संध्याकाळपर्यंत गावाला सांगितलं.

म्हणजे आता हाती होता तो हाच एक उन्हाळा. कुंपणावर निळे तुरे उभे राहिले पाहिजेत, ते मिस पेनफोल्ड यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले पाहिजेत, आणि त्यावरून जे समजायचं ते त्यांनी आपलं आपण समजलं पाहिजे. थ्रॉसेल यांची योजना एवढीच होती. तीत बोलण्याचं काम कुठेच नव्हतं.

पलीकडच्या बाजूचा शेजारी रेग गॅदरकोल. रेल्वेतून निवृत्त, आणि गावच्या प्रदर्शनात कांद्याचं पहिलं बक्षीस नेमाने घरी नेणारा. ज्याचा कांदा नारळाएवढा होतो त्याला जगातल्या सगळ्या विषयांतलं कळतं अशी गावाची समजूत होती, आणि रेगचीही होती.

"बिअर," रेग म्हणाला. "बशीत बिअर ओत, बशी मातीत पूर. गोगलगायी पिऊन बुडून मरतात. सुखाने मरतात, तुलाही पाप नाही."

आता पंचाईत अशी, की थ्रॉसेल चॅपलला, म्हणजे दारू वर्ज्य मानणाऱ्या गावच्या छोट्या चर्चला, नेमाने जाणारे सभासद. दारूचा थेंब कधी ओठाला लागलेला नाही. पण कोंबांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा पबमध्ये गेले आणि झाकणाच्या बरणीत बिअर मागितली. दुसऱ्या दिवशी परत गेले. गोगलगायींची तहान मोठी होती. आठवड्याभरात पबवाला त्यांना बघताच बरणीसाठी हात पुढे करू लागला, आणि पुढच्या रविवारी चॅपलचे पाद्रीबुवा घरी आले.

"थ्रॉसेल," ते खुर्चीत नीट टेकून म्हणाले, "मनाला काही लागलंय का?"

"पाद्रीबुवा, ती बिअर गोगलगायींसाठी आहे."

"हो," पाद्रीबुवा अत्यंत प्रेमाने म्हणाले. "सुरुवात अशीच होते."

थ्रॉसेल यांनी त्यांना बागेत नेऊन बश्या दाखवल्या. दुर्दैवाने त्या सकाळी बश्या कोरड्या होत्या. रेगचा कुत्रा रोज पहाटे येऊन त्या साफ करून जात होता, हे पुढे कळलं. कुत्रा तेव्हा गाजरांच्या वाफ्यात चारी पाय वर करून झोपला होता, पण त्याचा संबंध कोणाच्या लक्षात आला नाही. पाद्रीबुवांनी थ्रॉसेल यांचा हात दाबला आणि पुढचं प्रवचन संयमावर केलं. सगळं चॅपल माना वळवून एकाच बाकाकडे बघत होतं. ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याची खोटी वजनं पकडली, त्याच्या इभ्रतीचं वजन असं एका रविवारात उतरलं.

त्यानंतर दोन दिवसांनी मिस पेनफोल्ड फाटकाशी आल्या. हातात काचेची बरणी. "अंड्यांची टरफलं," त्या म्हणाल्या. "कुटून ठेवलीत. कोंबाभोवती टाकायची. गोगलगायींना टोचतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "बिअरपेक्षा बरं ते, मिस्टर थ्रॉसेल."

म्हणजे कोंब त्यांना माहीत होते. कुंपणाच्या बुंध्यातून दिसले असणार. शिवाय एवढी टरफलं एका दिवसात जमत नाहीत. एकट्या बाईने कितीतरी सकाळी अंडं खाऊन टरफल बाजूला ठेवलं असणार, आणि ते ठेवताना याच कोंबांचा विचार केला असणार. थ्रॉसेल यांना खूप काही बोलायचं होतं. ते म्हणाले, "दुपारनंतर ऊन वाढेल असं वाटतंय."

"वाढेलच," मिस पेनफोल्ड म्हणाल्या आणि गेल्या.

आणि ऊन खरंच वाढलं. शहात्तरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटायचं नाही. पाऊस म्हणजे काय हे इंग्लंड विसरलं. हिरवळी पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग नुसती माती. बागेला रबरी नळीने पाणी घालायला बंदी आली. डेल्फिनियमला तर पाणी लागतं ते म्हशीसारखं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तुरे वर चढायच्या ऐन वेळी पानं माना टाकू लागली.

"आंघोळीचं पाणी घाल," रेग म्हणाला. "सगळा देश तेच करतोय."

थ्रॉसेल रोज आंघोळ करू लागले. तोवर ते शनिवारी करत. वरच्या मजल्यावरच्या टबातून बादल्या भरायच्या, जिन्यावरून उतरायचं, दिवाणखान्यातून जायचं. चौथ्या दिवशी जिन्यावर पाय घसरला आणि ते बादलीसकट गालिच्यावर आले. डेल्फिनियमच्या वाट्याचं पाणी त्या दिवशी गालिच्याला मिळालं. गालिचा काही वाढला नाही.

इथे त्यांच्यातला जुना सरकारी नोकर जागा झाला. आंघोळीचं पाणी फुलांना घालणं कायद्यात बसतं का? गावात सगळेच घालत होते, पण सगळेच करतात म्हणणाऱ्या वाण्यांना त्यांनी आयुष्यभर दंड ठोकला होता. त्यांनी पाणीखात्याच्या कचेरीला फोन केला. पहिल्या माणसाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसरीकडे, तिसरी जेवायला गेली होती. चौथ्याने विचारलं, "फुलं अजून जिवंत आहेत का?" थ्रॉसेल अभिमानाने म्हणाले, "उत्तम आहेत." चौथ्याने नाव आणि पत्ता उतरवून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

पुढच्या बुधवारी पाणीखात्याचा तपासनीस आला. सूट, टाय, हातात काठी, आणि उन्हाने टोमॅटो झालेला चेहरा. सगळं गाव तपकिरी आणि थ्रॉसेल यांच्या कुंपणालगतचा एक पट्टा हिरवागार. तपासनीसाने त्या पट्ट्याकडे असं पाहिलं की जणू तिथे प्रेतच पुरलंय. रेग आपल्या बाजूच्या बुटक्या भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला. मिसेस बीसली फाटकाशी आल्या. त्यांच्याकडे द्यायला पत्र नव्हतं, त्या नुसत्याच आल्या होत्या.

"पाणी कुठलं?" तपासनीस म्हणाला.

"आंघोळीचं. रोजच्या एका आंघोळीचं. मी फोन करून विचारलंही होतं."

"त्या फोनमुळेच आलोय." तपासनीस गुडघ्यावर बसला, काठी मातीत खुपसली. काठी लोण्यात जावी तशी आत गेली. "एका आंघोळीत एवढी ओल? साहेब, मी रोज वीस बागा बघतो. इथे दुप्पट पाणी पडलंय."

थ्रॉसेल रागाने लाल झाले. दुसऱ्याच्या मापातली फसवणूक पकडणाऱ्या माणसाच्या मापावर आज संशय! "मी आयुष्यात कधी जास्त माप घेतलेलं नाही," ते म्हणाले.

तपासनीसाने कुंपणाच्या बुंध्याजवळची चिमूटभर माती उचलली. नाकाशी नेली. पुन्हा नेली.

"लॅव्हेंडर," तो म्हणाला.

"काय?"

"आंघोळीच्या पाण्यात लॅव्हेंडरचं सुगंधी मीठ टाकता का तुम्ही?"

फाटकाशी मिसेस बीसलींनी श्वास रोखला. थ्रॉसेल जन्मभर डांबराच्या उग्र वासाच्या औषधी साबणाने आंघोळ करत आलेले. त्यांनी खाली वाकून वास घेतला, आणि ते वाकलेलेच राहिले. ओल सगळ्यात जास्त कुंपणाच्या बुंध्याशी होती. पाणी पलीकडून येत होतं. कुंपणापलीकडे बाग एकच होती, आणि त्या बागेला लागून न्हाणीघरही एकच. म्हणजे पहाटे कुंपणापलीकडे जो बादलीचा आवाज यायचा तो मिस पेनफोल्ड यांच्या गुलाबांसाठी नव्हता. गुलाब तर कधीच वाळून गेले होते.

खरं सांगावं तर मिस पेनफोल्ड यांच्या आंघोळीचा उल्लेख करावा लागणार. सरकारी माणसासमोर. रेगच्या देखत. मिसेस बीसलींच्या देखत! थ्रॉसेल यांनी पाठ ताठ केली.

"हो," ते म्हणाले. "मी लॅव्हेंडरच टाकतो. लहानपणापासून."

तपासनीस निघून गेला. रेगने टेकलेली कोपरं उचलली. मग म्हणाला, "क्लेम, आधी बिअर, आता लॅव्हेंडर. निवृत्ती मानवली बाबा तुला."

ती हकिगत गावाला किती दिवस पुरली हे सांगण्यात अर्थ नाही. थ्रॉसेल यांना त्याचं काही वाटलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. वाटलं, भरपूर वाटलं. पण त्याहून मोठा घोर दुसराच होता. आभार कसे मानायचे? 'पाण्याबद्दल आभारी आहे' म्हटलं, तर कुठलं पाणी? प्रत्येक वाक्याच्या शेवटी टब येत होता. ज्या बाईने आपल्या आंघोळीचं पाणी वाकून वाकून त्यांच्या फुलांच्या मुळाशी ओतलं, तिला ते आपल्याला कळलंय हे कळू देणं म्हणजे असभ्यपणाची कमाल. शेवटी बेकरीत समोरासमोर गाठ पडली.

"हवा फार कोरडी आहे, मिस पेनफोल्ड," थ्रॉसेल म्हणाले.

"फारच कोरडी," त्या म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल होऊन पावाकडे बघू लागल्या.

रोज संध्याकाळी थ्रॉसेल कुंपणाशी खुर्ची टाकून बसत. पलीकडे कपबशी वाजायची, खोकी बांधल्याचा आवाज यायचा. पुस्तकांचं खोकं, भांड्यांचं खोकं, हे त्यांना आवाजावरून ओळखता येऊ लागलं. एक घर हळूहळू रिकामं होताना ऐकणं फार वाईट असतं. त्यांना वाटायचं, उठावं, म्हणावं, बाई, तुम्ही गेलात की या गावात माझ्यासाठी हवासुद्धा उरणार नाही. मग ते उठायचे आणि तुऱ्यांना बांबूच्या काठ्यांशी सुतळीने बांधायचे.

तुरे मात्र चढले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते कुंपणाच्या वर हातभर निघाले. आणि मग निळा रंग उमलला. इतका निळा, की रेगसुद्धा कांद्यांबद्दल बोलायचा थांबला. पण थ्रॉसेल डोक्याला हात लावून बसले. फुलं उमलली होती ती गुडघ्याच्या थोडी वर. कुंपणावर डोकावणारे शेंडे हिरव्या, मिटलेल्या कळ्यांचे होते.

"अरे, हे खालून वर उमलतं," रेग म्हणाला. "पोरंसोरं सांगतील. वरचं उमलायला अजून आठवडा तरी हवा."

"शनिवारी ती जाणार!"

"कोण?" रेग म्हणाला. मग त्याने कुंपणाकडे पाहिलं, तुऱ्यांकडे पाहिलं, थ्रॉसेल यांच्याकडे पाहिलं, आणि टोपी काढली. "अरे देवा. क्लेम, तू हे सगळं... मी जाऊन सांगू तिला?"

"खबरदार!"

शनिवारी उजाडताच सामानाची मोठी गाडी आली. माणसं खुर्च्या, पलंग, पियानो बाहेर काढू लागली. थ्रॉसेल खिडकीतून बघत होते. पियानो निघाला तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते कोठीत गेले, कुंपण छाटायची मोठी कात्री घेतली, आणि छातीच्या उंचीवर, जिथपर्यंत एव्हाना निळा चढला होता तिथे, कुंपण कापू लागले. कुंपण आता कायद्याने ब्रिस्टलच्या दंतवैद्याचं होतं. दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावायची ही त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे सराव नव्हता आणि आवाज फार झाला. फांद्या तुटल्या, मनगट ओरबाडलं, बाही फाटली. भोक पडलं. पलीकडे प्रवासाचा कोट घालून मिस पेनफोल्ड उभ्या होत्या.

"मिस्टर थ्रॉसेल," त्या म्हणाल्या, "चोरसुद्धा एवढा आवाज करत नाहीत."

थ्रॉसेल बाजूला सरले. मिस पेनफोल्ड यांनी भोकातून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"वडिलांचा जरा गडद होता," त्या म्हणाल्या. शाळेतल्या बाई त्या, खोटे मार्क देणं जमलं नाही. मग आवाज बदलला. "पण हा फार सुंदर आहे. फार म्हणजे फारच."

"मिस पेनफोल्ड, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं."

"कधीपासून?"

थ्रॉसेल यांनी विचार केला. अंदाजे उत्तर देणारा माणूस नव्हे तो. "कुंपण कमरेएवढं होतं तेव्हापासून."

मिस पेनफोल्ड हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "आणि मी ते मुद्दाम वाढू दिलं. म्हटलं, या माणसाला इकडे बघायचं असेल तर येईल एक दिवस सांगायला, की बाई, जरा कमी करा. वर्षावर वर्षं गेली, तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, बरंच झालं म्हणत असतील."

"मी... तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"माझ्या मनात तेच होतं, अहो. तुम्हाला त्रास नको." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. गाडीचं दार लागत होतं. "आता घर दिलंय. बहीण स्टेशनवर येऊन उभी राहील. शब्द मोडता येत नाही."

थ्रॉसेल यांनी कात्री खाली ठेवली. मनगटातून रक्त येत होतं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मिस पेनफोल्ड यांनी भोकातून हात घालून एक तुरा जरासा वाकवून पाहिला.

"बहर संपला की हे जमिनीलगत कापून टाका," त्या म्हणाल्या. "नीट पाणी घाला. सप्टेंबरात पुन्हा येतो एक बहर. बारीक असतो, पण येतो. वडील तसंच करायचे."

"मग सप्टेंबरात याल बघायला?"

"या भोकातून?"

"फाटकातून. समोरच्या फाटकातून. चहाला. मिसेस बीसलींच्या देखत."

मिस पेनफोल्ड यांनी हातमोजे घातले. एक बोट बराच वेळ मोज्यात जाईना. "फुलं आली की कळवा," त्या म्हणाल्या. "फुलं आल्याशिवाय मला येता यायचं नाही. उगीच कशाला आली, असं लोक म्हणतील."

गाडी निघाली. मागून टॅक्सी निघाली, त्यात मिस पेनफोल्ड सरळ समोर बघत बसलेल्या. दोन्ही गाड्या चॅपलच्या वळणावरून दिसेनाशा झाल्या, धुरळा खाली बसला, तोवर थ्रॉसेल फाटकाशी उभे होते. मग ते बागेत आले, ओणवे झाले, आणि पहिला तुरा त्यांनी मुळाशी कापला. भर निळा, शेंड्याच्या कळ्या अजून मिटलेल्या. दुसरा कापला. तिसरा कापला.

रेग कांद्यांतून धावत आला. "अरे अरे अरे! वेड लागलं का तुला? वरचं उमलायचंय अजून! दोन वर्षं जिवाचं रान केलंस, आठवडाभर थांब की!"

"आठवडा थांबलो तर सप्टेंबर आठवड्याने लांबेल," थ्रॉसेल म्हणाले, आणि पुढच्या तुऱ्याकडे वळले.